दुसऱ्या गाडीचं मीटर बसवण्याआधी

जुन्या गाडीचा व्यवहार अहमदपुरात ठरो, नांदेडला ठरो की लातूरला, पहिला प्रश्न एकच असतो: ‘रनिंग किती?’ उत्तरासाठी सगळे मीटरकडे बघतात. पण ते मीटर त्याच गाडीचं आहे का, हे फार थोडे लोक विचारतात. स्पीडोमीटर बंद पडलं किंवा टॉप मॉडेलचं डिजिटल मीटर हवंसं वाटलं की भंगारातल्या गाडीचं मीटर आणून बसवलं जातं. त्याबद्दलचे काही समज गाडीमालकाला महागात पडणारे आहेत.

सगळ्यात मोठा समज म्हणजे ‘सॉकेट जुळलं की काम झालं’. अॅम्बेसेडर आणि सुरुवातीच्या मारुती ८०० च्या काळात हे बऱ्याच अंशी खरं होतं. गिअरबॉक्समधून निघालेली केबल फिरायची, तिच्यावर काटा आणि किलोमीटरची चाकं चालायची. आताचं मीटर मात्र छोटा कॉम्प्युटर आहे. इंजिन, एबीएस आणि एअरबॅग यांच्या कंट्रोल युनिटशी ते तारांमधून सतत बोलत असतं. चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलो घ्या. चावी ओळखणारा इमोबिलायझर तिच्या मीटरमध्येच असतो. दुसऱ्या पोलोचं मीटर लावलं तर सॉकेट अचूक बसतं, इंजिन सुरूही होतं आणि लगेच बंद पडतं. मीटर, चावी आणि इंजिनचं युनिट यांची सांगड स्कॅनरने पुन्हा घातल्याशिवाय ती गाडी चालत नाही.

पेट्रोल आणि डिझेलची मीटरंही आपसात बदलू नयेत. पेट्रोलच्या मीटरमध्ये डिझेलचा ग्लो प्लगचा दिवा नसतो, आरपीएमची लाल पट्टीही वेगळ्या ठिकाणी असते. टाकीतल्या फ्लोटचा रेझिस्टन्स जुळला नाही तर काटा अर्धी टाकी दाखवतो आणि गाडी रस्त्यात थांबते.

हे त्रास निदान लगेच कळतात. एअरबॅगच्या दिव्याचं तसं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. एअरबॅग नसलेल्या बेस मॉडेलच्या मीटरमध्ये हा दिवा चालू नसण्याची शक्यता असते. ते मीटर एअरबॅगच्या गाडीत बसवलं, तर यंत्रणा बिघडूनही चालकाला पत्ता लागणार नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ८० च्या पुढे थांबून-थांबून आणि १२० च्या पुढे सलग वाजणारा वेगाचा इशाराही सक्तीचा आहे. त्याआधीचं मीटर लावलं तर हा इशाराही जाऊ शकतो.

‘मीटर बदललं की किलोमीटर शून्य’ हाही गैरसमजच. बहुतेक गाड्यांत आकडा मीटरच्या मेमरीत असतो, म्हणून जुन्या मीटरबरोबर जुन्या गाडीचे किलोमीटर येतात. काही गाड्यांत तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्येही असतो. शिवाय सर्व्हिसच्या नोंदी शोरूमकडे राहतात, त्यामुळे कमी केलेला आकडा कधीतरी उघडा पडतोच.

‘मीटर बदलणं हाच गुन्हा’ असंही काही जण सांगतात. ते खरं नाही. बिघडलेलं मीटर बदलावंच लागतं. किलोमीटर लपवून गाडी विकली तर मात्र ती फसवणूक ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अमेरिकेत बदललेल्या मीटरवर जुना आकडा आणता येत नसेल, तर ते शून्यावर ठेवून आधीचे किलोमीटर आणि बदलाची तारीख डाव्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवावी लागते. आपल्याकडे निदान गॅरेजच्या बिलावर तरी ही नोंद हवी.

मीटर बदलायचंच असेल तर त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं आणि त्याच व्हेरिअंटचं घ्या, पार्ट नंबर ताडून बघा. काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून काही मिनिटं थांबायला मेकॅनिकला सांगा, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये चार्ज उरलेला असतो. आणि जुनी गाडी घेताना इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर स्कॅनर लावून तपासणी होईपर्यंत बयाणा देऊ नका.