कॉपी न होणारी डीव्हीडी

"साहेब, आईचा शिनेमा काढलाय तुम्ही. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं तीस रुपयाला मिळतोय." ओपीडीच्या गर्दीत एका रुग्णाचा मुलगा हे म्हणाला तेव्हा आधी मला काही कळेचना. कळलं तेव्हा हातातलं पेन खाली ठेवलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कंपवाताचा रुग्ण वळताना त्याचे पाय जमिनीला कसे चिकटतात, हे पुस्तकातून शिकवता येत नाही. म्हणून चार रुग्णांची परवानगी घेऊन मी त्यांचं चालणं चित्रित केलं, घरच्या संगणकावर डीव्हीडी तयार केली आणि वर्गात दाखवली. एक प्रत कुणीतरी एका रात्रीपुरती मागून नेली. पुढे ती परीक्षेच्या नोट्सबरोबर विकली जाऊ लागली. मुलगा केसपेपरची झेरॉक्स काढायला गेला आणि दुकानातल्या पडद्यावर त्याला स्वतःची आई दिसली.

आमच्या संगणकवाल्या मुलाला मी म्हटलं, "सिनेमाच्या डीव्हीडीला असतं तसं कुलूप आपल्या डीव्हीडीला लाव." तो हसला. त्याच्या हसण्याचं कारण मला नंतर वाचून समजलं.

सिनेमाच्या डीव्हीडीवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. चित्र सांकेतिक रूपात साठवलेलं असतं आणि ते उलगडण्याच्या किल्ल्यांचा एक भाग तबकडीच्या आतल्या कडेजवळच्या राखीव पट्ट्यात लपवलेला असतो. साध्या संगणकावरून त्या पट्ट्यात काही लिहिता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या डीव्हीडीत ही जागा कारखान्यातूनच निकामी करून पाठवतात. चोरांनी किल्लीसकट नक्कल करू नये, हा त्यामागचा हेतू. परिणाम असा, की नक्कल करणाऱ्याला किल्ली लिहिता येत नाही, तशी घरी डीव्हीडी बनवणाऱ्या माझ्यासारख्यालाही येत नाही. कंपन्यांनी आपला माल सांभाळला, आमचा उघड्यावर राहिला.

अर्थात त्या कुलपाचंही फार काळ निभावलं नाही. किल्ली अवघी 40 बिटांची आणि रचना कच्ची. 1999 मध्ये ते फोडणारा प्रोग्रॅम जगभर पसरला. त्यामागे नॉर्वेचा योन लेक योहान्सन हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे साथीदार होते. त्याच्यावर खटला झाला. 2003 मध्ये तो निर्दोष सुटला, कारण स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या संगणकावर पाहणं हा गुन्हा ठरला नाही.

मग कंपन्यांनी दुसरे उपाय काढले. तबकडीत मुद्दाम खराब भाग पेरायचे, म्हणजे नक्कल करणारा संगणक तिथे अडखळेल. पण काही चांगले प्लेअरही अडखळले आणि पैसे देऊन आणलेला सिनेमा चालेना. 2005 मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडीतून ग्राहकांच्या संगणकात गुपचूप एक प्रोग्रॅम घुसवला. त्याच्या आडोशाने व्हायरस लपू शकतात हे उघड झालं आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. रोगापेक्षा औषध जहाल, ही तक्रार आम्हा डॉक्टरांना नवी नाही.

फाइलला पासवर्ड घातला तर? ते जरूर करावं. तबकडी हरवली तर अनोळखी माणसाला ती उघडता येणार नाही. पण ज्याला पासवर्ड दिला, त्याला थांबवणार कसं? जे डोळ्यांना दिसतं ते कॅमेऱ्यालाही दिसतं. पडद्यासमोर मोबाइल धरला की सगळी कुलपं संपली. त्यापेक्षा प्रत्येक प्रतीवर ती घेणाऱ्याचं नाव चित्रातच उमटवावं. त्याने नक्कल थांबत नाही, पण ती कुणाकडून फुटली ते कळतं.

कायद्याने 2012 पासून असं कुलूप फोडून हक्कभंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या 2002 च्या वैद्यकीय नियमावलीतही आहे, की ओळख पटेल असं रुग्णाचं छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये. मी परवानगी घेतली होती, असं मी मुलाला सांगायला गेलो. ती वर्गापुरती होती, हे मला वाक्य संपायच्या आतच उमगलं.

पुढच्या मंगळवारी आजी स्वतः आल्या. मी माफी मागितली. "पाय अडकतो त्यो बघू द्या की पोरांना," त्या म्हणाल्या. "पन त्वांड कशाला दाखवलं?"

खरंच, कशाला? चाल शिकवायला कमरेखालचं चित्र पुरेसं होतं. हे मला कॅमेरा हातात घेतानाच सुचायला हवं होतं. त्याच आठवड्यात चेहरा न घेता नवं चित्रण केलं. आजी पुन्हा चालून दाखवायला आनंदाने तयार झाल्या.

दुकानदाराने उरलेल्या प्रती मुकाट्याने दिल्या. सीडीच्या सवयीने मी त्यांच्या छापील बाजूवर खिळ्याने ओरखडे काढले. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे ती अशाने बाद होते. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध असतो. त्यातली एक लावून पाहिली, तर आजी पडद्यावर चालत होत्या. शेवटी प्लास्टर कापायची कात्री मागवली आणि एकेका डीव्हीडीचे चार-चार तुकडे केले. विकल्या गेलेल्या किती, ते दुकानदारालाही सांगता आलं नाही.