तारुण्याचा अर्क

पंचावन्नाव्या वर्षी थकवा जाणवू लागला, तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला, "टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घ्या, दहा वर्षांनी तरुण व्हाल." इंजेक्शन घेण्याआधी मी त्याचा इतिहास वाचायला घेतला.

वळू खच्ची केला की त्याचा बैल होतो, हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. वृषणातलं कोणतं द्रव्य हे घडवतं, ते मात्र माहीत नव्हतं. १८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद परत आल्याचं जाहीर केलं. पण तो अर्क पाण्यात काढलेला होता आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गुण आला तो बहुधा विश्वासाचा!

शिवाय वृषणात हे द्रव्य फारसं साठत नाही. तयार झालं की रक्तात जातं. म्हणूनच १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाला वळूंच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन मिळालं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी आपापल्या प्रयोगशाळांत ते कोलेस्टेरॉलपासून बनवलं. आज सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या स्टेरॉलपासून, सूक्ष्मजीवांच्या मदतीने ते तयार होतं. टंचाई संपली, जुनं आमिष मात्र उरलं.

वृषणांच्या किंवा पीयूषिका ग्रंथीच्या विकारामुळे ज्यांच्यात ते खरोखर कमी पडतं, त्यांना हे औषध मोठा आधार देतं. त्यासाठी लक्षणं हवीत आणि वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेल्या दोन रक्ततपासण्याही. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या ५,२०० हून अधिक पुरुषांवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत; पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुफ्फुसातल्या गुठळ्या यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त आढळलं.

व्यायामशाळेतल्या तरुणांना एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो. शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. पौरुषासाठी घेतलेलं औषध बाप होण्याच्याच आड येतं.

माझ्या दोन्ही तपासण्या ठीक आल्या. थकवा थायरॉइडचा निघाला. सल्ला ऐकला असता, तर खरा आजार तसाच राहिला असता.