हिरव्या टेकडीपाशी थांबलेली गाडी

विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवीगार टेकडी आठवते? अनेकांना ते चित्र संगणकावर रंगवलेलं वाटायचं. प्रत्यक्षात तो कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत टिपलेला स्टॉक फोटो आहे.

जानेवारी १९९६. नॅशनल जिओग्राफिकसाठी वर्षानुवर्षं काम केलेले छायाचित्रकार चार्ल्स ओरिअर मैत्रिणीला भेटायला निघाले होते. रस्ता नेहमीचाच. पण पाऊस नुकताच येऊन गेलेला, गवत तरारलेलं, निळ्या आभाळात पांढरे ढग. त्यांनी गाडी बाजूला घेतली, तिपाईवर मामिया आरझेड ६७ कॅमेरा चढवला आणि मोजकेच फोटो काढले. आत फुजीची वेल्विया फिल्म होती, रंग गडद उमटवणारी.

ही टेकडी एरवी द्राक्षवेलींची. फिलॉक्सेरा किडीमुळे वेली उपटाव्या लागल्या, म्हणून तिथे नुसतं गवत उरलं होतं! स्टॉक फोटोंसाठी विषय शोधत दूरदूर भटकणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं: पायाखालच्या वाटेवर आज काय वेगळं आहे, ते ओरिअर यांच्या नजरेनं हेरलं. आणि कॅमेरा सोबत होता.

फोटो स्टॉक एजन्सीकडे गेला. पुढे मायक्रोसॉफ्टनं त्याचे हक्क घेतले आणि २००१ मध्ये ‘ब्लिस’ नावानं तो जगभर पोचला. त्या टेकडीवर नंतर पुन्हा द्राक्षवेली लागल्या.