रक्त चढवले, पण ते जाते कुठे?

वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की एक वाक्य हमखास ऐकू येते : "ताई, रक्त कमी आहे म्हणतात." एका मावशींना वर्षभरात तीनदा रक्त चढवले होते. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. तरी दोन महिन्यांत पुन्हा धाप, पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी. आम्ही विचारले, "मावशी, संडास काळी होते का?" त्या लाजल्या. म्हणाल्या, "होते. पण कुणी विचारलंच नाही."

मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांची दुर्बिणीने तपासणी झाली. जठराच्या खालच्या टोकाला बारीक रक्तवाहिन्या फुगून लाल पट्टे उमटले होते, कलिंगडाच्या सालीवर असतात तसे. डॉक्टर याला 'वॉटरमेलन स्टमक' म्हणतात. यात पोट दुखत नाही, रक्त मात्र थेंबथेंब झिरपत राहते. उतारवयातल्या बायकांत आणि लिव्हर किंवा किडनीच्या रुग्णांत हा आजार जास्त आढळतो.

यावर उपचार आहे. तोंडातून घातलेल्या दुर्बिणीतूनच बारीक नळी आत नेतात. आर्गॉन वायू आणि विजेच्या साहाय्याने झिरपणाऱ्या वाहिन्या वरवर भाजून बंद करतात. पोट फाडावे लागत नाही. मात्र एकदा करून बहुधा भागत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा बोलावतात. बरे वाटले म्हणून मधेच सोडू नका. हिमोग्लोबिनही तपासत राहा.

रक्तस्राव जसा, तसा इलाज. एखादी मोठी वाहिनी फुटली तर तिला क्लिप लावतात. लिव्हर खराब झाल्याने अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या तर रबर बँड बांधतात. जठरातल्या शिरांत गोंदासारखे औषध सोडतात. लिव्हर खराब होण्याचे एक मोठे कारण दारू. पाचवे शील पाळणे हे औषधही आहे.

लक्षात ठेवा :

• संडास डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची असेल तर ते पोटातले रक्त असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगा.
• रक्ताची उलटी झाली, चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.
• अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंदही करू नका.
• खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या.

तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. कारणाशिवाय काही घडत नाही. रक्त कमी आहे, तर ते का कमी आहे, हे डॉक्टरांना विचारायला संकोच कसला? तो आपला हक्क आहे.

१४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपली मुले रांगेत उभी राहून रक्तदान करतात. ते रक्त फुटक्या घागरीत जाऊ नये. आधी गळती शोधू या.

जय भीम!