मिसोचें सार व माचा चहा

लासूर स्टेशनच्या मराठवाडी मुलखांत सोयाबीनचें तेल निघतें, पेंड उरते. जपानांत त्याच दाण्याचें सार होतें. शिजविलेलें सोयाबीन, मीठ व बुरशी चढविलेला तांदूळ एकत्र ठेचून महिनोन्‌महिने मुरविलें म्हणजे मिसो होतो. ऊन पाण्यांत तो शेवटीं कालवितात, उकळीत नाहींत. उकळल्यास सुवास उडतो.

सुशीच्या उपाहारगृहांत शिरणाऱ्या शाकाहाऱ्यानें मात्र आधीं विचारावें. त्या पाण्यांत बहुधा सुकविलेला मासा असतो. केवळ समुद्रशेवाळावरही सार करतां येतें.

माचा म्हणजे सावलींत वाढविलेल्या चहाच्या पानांची पूड. इकडे चहा गाळून चोथा टाकतात. ही पूड बांबूच्या कुंच्यानें फेसून सबंधच पितात. साखर घालीत नाहींत. आधीं मिठाईचा घांस, मग तो कडू घोट.