दावोसचे पत्र : वरचा आणि खालचा

दावोस म्हटले की आपल्याकडे जानेवारीतले सामंजस्य करार आणि मंत्र्यांचे फोटो आठवतात. ते पाहुणे परतले की गाव पुन्हा स्कीवाल्यांचे होते. त्यातले काही जण रोपवेकडे फिरकतही नाहीत. स्कीच्या तळाला मागे न घसरणाऱ्या पट्ट्या चिकटवून ते स्वतःच डोंगर चढतात आणि कोणीही न आखलेल्या उतारावरून खाली येतात. तिथे ना तिकीट, ना पहारा. रीतभात मात्र कडक.

चढणीची वाट कुणीतरी घाम गाळून पाडलेली असते. ती बुटांनी तुडवून खड्डे करायचे नाहीत, उतरताना मोडायची नाही आणि लघवीला तिच्यापासून लांब जायचे. ताज्या बर्फात पुढे राहून वाट पाडायचे कष्ट आळीपाळीने घ्यायचे. दुसऱ्याच्या वाटेने अख्खा डोंगर चढून कोऱ्या उतारावर पहिली रेघ स्वतः ओढणारा इथे आगाऊच ठरतो.

पण ते चालून जाते. खाली माणसे असताना वरून सुटणे मात्र अक्षम्य; निसटलेला बर्फ त्यांच्यावरच कोसळू शकतो. हिमप्रपातात सापडणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत तो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने ओढवून घेतलेला असतो. म्हणून ३० अंशांहून तीव्र उतारावर एकेकट्यानेच उतरायचे, बाकीच्यांनी आडोशाला थांबून लक्ष ठेवायचे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर आशा. तेवढ्यात हेलिकॉप्टर पोचेलच असे नाही, फावडे सोबत्यालाच मारावे लागते. त्यामुळे निघतानाच एक जण पुढे उभा राहतो, बाकीचे त्याच्यासमोरून एकेक जातात आणि गाडलेल्याला शोधण्यासाठी प्रत्येकाच्या छातीवर असलेल्या यंत्राचा संदेश येतो का, हे तो तपासतो. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे कोणी म्हणत नाही. इथल्याच हिम संशोधन संस्थेचे धोक्याचे पत्रक हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला निघते. ते न वाचता येणाऱ्याला सोबत न नेणेच बरे.

डोंगरात यजमानही असतात. काळे रानकोंबडे दिवसाचा मोठा भाग बर्फात बीळ करून बसून काढतात. वरून स्की गेली की जिवाच्या आकांताने उडतात आणि जपून ठेवलेली ताकद वाया जाते. म्हणून जंगलाची कड टाळायची, कुत्र्याला साखळी लावायची आणि नकाशावर वन्यजीवांसाठी राखलेल्या भागात ठरलेल्या वाटेखेरीज शिरायचे नाही. काही ठिकाणी हे कायद्याने बंधनकारक आहे आणि दंडही होतो.

स्विस अल्पाइन क्लबच्या अनेक डोंगरी निवाऱ्यांत रखवालदार नसतानाही एक खोली उघडी असते. चूल, लाकडे, घोंगड्या सगळे असते. मुक्कामाचे पैसे आपणहून भरायचे, खोली झाडायची, कचरा पाठीवरून खाली आणायचा आणि पुढच्यासाठी लाकडे फोडून ठेवायची.