ट्रॉलीचा भार, ट्रॅक्टरचा तोल

दिवाळी सरली की हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील बाजार समित्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. पुलाच्या चढावर एखाद्या ट्रॅक्टरची पुढची चाके क्षणभर रस्ता सोडतात. पाहणाऱ्यास ते कसरतीसारखे वाटते. वस्तुतः त्या क्षणी ट्रॅक्टर चालकाच्या ताब्यात नसतो, कारण जमिनीला न टेकलेले चाक वळत नाही.

असे का होते, हे समजण्यास साधा तरफेचा नियम पुरेसा आहे. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार तिच्या चाकांवर, तर काही ट्रॅक्टरच्या हुकावर पडतो. हा हूक मागील आसाच्याही मागे असतो. त्यामुळे मागचा आस टेकू ठरतो. हुकावरचे वजन मागची बाजू दाबते आणि पुढची उचलते.

समजा, ट्रॅक्टरचे वजन २००० किलो असून त्यापैकी ७५० किलो पुढच्या चाकांवर आहे. दोन्ही आसांतील अंतर २ मीटर आणि हूक मागील आसापासून ७० सेंटिमीटर मागे आहे. हुकावर ५०० किलो भार आला, तर पुढच्या चाकांवरील १७५ किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर ६७५ किलो वाढतात. हुकावरचा भार १२०० किलो झाला, तर पुढे केवळ ३३० किलो उरतात. हा हिशेब सपाट रस्त्याचा झाला. चढावर आणि इंजिनाच्या जोरामुळे यातूनही काही भार मागे सरकतो.

यावर उपाय म्हणून सारा माल मागे रचावा, तर तेही घातकच. ट्रॉलीच्या आसामागे वजन अधिक झाले की हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके पकड सोडतात आणि ट्रॉली डावी-उजवीकडे झोले घेऊ लागते. बंडी हाकणाऱ्या जुन्या जाणत्यांना हे नवे नाही. माल मागे झाला की बंडी उलाळ होते आणि जू वर ओढले जाऊन बैलांचा गळा आवळतो. पुढे झाला तर त्यांची मान दबते. म्हणूनच भार आसाच्या किंचित पुढे ठेवण्याची रीत पडली.

अमेरिकेत पिकअप वाहनांना जड ट्रेलर जोडतानाही हाच प्रश्न येतो. तेथे भार विभागणारा विशेष जोड वापरतात. त्याच्या दोन लवचीक पोलादी दांड्या हुकापासून ट्रेलरच्या सांगाड्याखाली जातात व साखळ्यांनी वर ताणून बांधल्या जातात. या ताणामुळे हुकावरच्या भाराचा काही भाग पिकअपच्या पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. तरीही ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के इतकाच भार हुकावर ठेवण्याचा दंडक आहे. हा जोड भार विभागतो, कमी करीत नाही; वाहनाची मर्यादा त्याने वाढत नाही.

आपल्या ट्रॅक्टरला असा जोड सहसा नसतो. मात्र तेच काम अन्य मार्गांनी साधता येते. चार चाकी ट्रॉली आपले वजन स्वतःच पेलते, हुकावर मुख्यतः ओढच येते. ट्रॅक्टरच्या पुढे बसविण्याची बिडाची वजने तोल सावरतात. पण ती अधिक माल भरण्याचा परवाना नव्हेत. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. ओढ मागील आसाच्या वर गेली, तर ट्रॅक्टर चालकासह मागे उलटू शकतो.

मालाचा प्रकारही ध्यानात घ्यावा. कापूस फुगीर असल्याने ढीग उंच जातो व ट्रॉली वळणावर कलंडण्याचा धोका असतो. गिट्टी वा सोयाबीनची पोती उंचीला कमी दिसतात, परंतु हुकावर तीच अधिक जड पडतात. रस्त्यावर येताना ट्रॅक्टरच्या दोन्ही ब्रेकची पायटे एकमेकांस जोडावीत. अन्यथा एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटासारख्या उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढणे म्हणजे मागच्या ओझ्याच्या हाती जीव सोपविणे होय.

पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार असावा, असा संकेत आहे; म्हणजे २००० किलोच्या ट्रॅक्टरसाठी ४०० किलो. वरच्या उदाहरणातील ३३० किलोचा आकडा त्यात बसत नाही. हे तपासणे अवघड नाही. हंगामाच्या आरंभी, भरलेली ट्रॉली जोडलेली असताना ट्रॅक्टरची केवळ पुढची चाके वजनकाट्यावर घेऊन आकडा पाहावा. काट्यावर आपण कापसाचे वजन किलोकिलोने पडताळतो. त्याच काट्यावर घटकाभर थांबून केलेली ही मोजणी आपला माणूस रात्री सुखरूप घरी परतण्यासाठी असेल.